तुटीच्या जागी उमटणारा ठिपका

किरणोत्साराने पेशीतला डीएनए दोन्ही पदरांनी तुटला, की ती जागा आज सूक्ष्मदर्शकाखाली उजळ ठिपका होऊन दिसते. ठिपके मोजले की तुटी मोजल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत ही चाचणी आता नित्याची आहे. पण या ठिपक्याचे कूळ शोधत मागे गेलो, तर ते डीएनएच्या घराण्यात सापडत नाही. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोनांच्या घराण्यात सापडते. मला हीच या कुळकथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण या घराण्याकडे कित्येक दशके कोणी फारसे आदराने पाहिले नव्हते.

हिस्टोन सापडले १८८४ साली. अल्ब्रेख्त कोसेल यांनी त्यासाठी पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक उरत नाही, पक्ष्यांच्या पेशींत ते असते. त्याच्या थोडे आधी वाल्टर फ्लेमिंग यांनी केंद्रकातल्या, रंग चटकन धरणाऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हटले होते. हे क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि प्रथिने यांचा मिळून झालेला ऐवज. पुढे आनुवंशिकतेचा सगळा मान डीएनएकडे गेला आणि हिस्टोन निव्वळ बांधणीचे सामान ठरले. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी या बांधणीचे एकक मांडले: आठ हिस्टोनांचा एक गड्डा आणि त्याभोवती, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा, पावणेदोनएक वेढ्यांचा डीएनए. एका गड्ड्याभोवती सुमारे १४७ अक्षरजोड्या. हेच न्यूक्लिओसोम.

किरणांची बाजू वेगळ्या वाटेने चालली होती. क्ष-किरणांनी माशीत उत्परिवर्तने होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली दाखवले. पुढच्या दशकात कार्ल सॅक्स यांनी ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतीत तुटलेली गुणसूत्रे मोजली. पण हे दिसे ते पेशी विभागताना, आणि तेही मोठे तुकडे पडले तरच. एक ग्रे इतक्या मात्रेने मानवी पेशीत दुपदरी तुटी होतात तीस-चाळीस. सहा अब्जांहून अधिक अक्षरजोड्यांत त्या शोधायच्या कशा? जेलवर तुकडे वेगळे करून मोजण्याच्या पद्धती होत्या, पण त्यांना इतकी मात्रा लागे की ती पेशी जगण्याचा प्रश्नच उरत नसे.

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विल्यम बॉनर हिस्टोनांच्या उपप्रकारांवर काम करत होते. १९८० साली त्यांच्या गटाने एच२ए या हिस्टोनाची निरनिराळी रूपे जेलवर वेगळी करून दाखवली. त्यांतलेच एक एच२एएक्स. त्याची शेपटी थोडी लांब असते आणि शेवटाकडे, १३९व्या जागी, सेरीन हे अमिनो आम्ल असते. पुढे अठरा वर्षांनी एमी रोगाकू, बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की पेशींवर गॅमा किरण सोडले की जेलवर एच२एएक्सचे एक नवे रूप प्रकट होते. त्याच सेरीनवर फॉस्फेट चढलेले असते. या रूपाला त्यांनी गॅमा-एच२एएक्स म्हटले.

मग त्यांनी या रूपालाच चिकटणारे प्रतिपिंड तयार केले, आणि १९९९ साली ठिपके दिसले. किरण पडल्यापासून मिनिटाभरात! ठिपक्यांची संख्या तुटींच्या अपेक्षित संख्येशी जुळत होती. या प्रयोगांत मानवी पेशींबरोबर भेकराच्या पेशीही होत्या. आपल्या सह्याद्रीच्या रानात भुंकणारे हे छोटे हरीण गुणसूत्रांच्या अभ्यासकांना फार प्रिय आहे: मादीत अवघी सहा गुणसूत्रे, नरात सात, आणि तीही ठसठशीत. त्यामुळे तुटलेल्या भुजेच्या टोकावरची खूण स्पष्ट वाचता येते.

एकच तूट इतकी उजळ का दिसते, याचे उत्तर बांधणीतच आहे. एटीएम नावाचे विकर तुटीपाशी जागे होते आणि शेजारच्या एच२एएक्सवर फॉस्फेट चढवते. त्या खुणेला एमडीसी१ हे प्रथिन बिलगते, ते आणखी एटीएम धरून ठेवते, आणि खूण दोन्ही अंगांना पसरत दहा-वीस लाख अक्षरजोड्यांपर्यंत जाते. तूट एका जागची, पण खबर हजारो हिस्टोनांवर लिहिलेली. डीएनए उघडावाघडा असता तर ही खबर लिहायला जागाच नव्हती. ज्याला सामान समजले गेले, त्याच्याच अंगावर जखमेची नोंद होते.

या ठिपक्यांमुळे फार कमी मात्राही तपासता आल्या. जर्मनीत काई रोटकाम आणि मार्कुस ल्योब्रिश यांनी २००३ साली दाखवले, की एक मिलिग्रेच्या आसपास मात्रा दिलेल्या, न विभागणाऱ्या पेशींत तुटी कित्येक दिवस दुरुस्तीवाचून राहतात. कमी मात्रा म्हणजे काळजी नको, हे सरसकट विधान मला त्यानंतर तरी कोणी करू नये असे वाटते.

ठिपक्यांनी बांधणीचा दुहेरी स्वभावही उघड केला. घट्ट क्रोमॅटिनात डीएनएभोवती पाणी कमी असते, म्हणून किरणांनी पाण्यातून सुटणारे मारक मूलक तिथे कमी पोचतात. जपानी संशोधकांनी २०१३ साली असे घट्ट क्रोमॅटिन सैल क्रोमॅटिनापेक्षा कितीतरी कमी तुटते हे मोजून दाखवले. पण तिथे तूट झालीच, तर दुरुस्तीची प्रथिने आत शिरायला अडखळतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या गटाला २००८ साली आढळले, की बहुतेक तुटी काही तासांत सांधतात. साधारण २५ टक्के मागे रेंगाळतात, आणि त्या घट्ट भागांशी निगडित असतात. एटीएमने केएपी१ या प्रथिनावर फॉस्फेट चढवून बांधणी सैल केली, तरच त्या सांधतात. माशीच्या पेशींत तर २०११ साली दिसले, की अशी तूट घट्ट भागातून सरकून बाहेर येते आणि दुरुस्तीचा पुढचा टप्पा तिथे पार पडतो. आत सारख्याच अक्षरांच्या पुनरावृत्ती खच्चून भरलेल्या. तिथेच जोडायला गेले तर चुकीचे टोक हाती लागायचा धोका.

एच२एएक्सवरची खूणही दाट भागाच्या पोटात सहज चढत नाही, बहुधा कडेला दिसते. शिवाय तुटी सांधत जातात तसे ठिपकेही मावळत जातात. म्हणून रक्ताच्या नमुन्यावरून मात्रेचा अंदाज बांधताना किरण लागून किती वेळ झाला हे माहीत असावेच लागते: अर्ध्या तासाने मोजलेल्या ठिपक्यांत जवळपास सर्व तुटी असतात, दुसऱ्या दिवशी उरलेल्यांत मुख्यतः या रेंगाळलेल्या.