तलावाचा काठ आणि काळी माती

मंडळी, टेक्सासात घर घेतलेल्या आपल्यापैकी कित्येकांना हा प्रश्न पडतो : परसातल्या स्विमिंग पूलच्या काठाची फरशी वर-खाली झालीय, कोपिंगचे दगड हलतायत... पूल फुटला की काय?

आधी थोडा इतिहास. १९०७ च्या सुमारास शिकागोत कार्ल एकली याने हवेच्या दाबाने सिमेंट फवारणारी बंदूक बनवली. हा गृहस्थ मूळचा प्राण्यांत पेंढा भरणारा! संग्रहालयाच्या इमारतीच्या भिंतींचे पोपडे निघत होते, त्यांची दुरुस्ती करायची होती. पुढे याच तंत्राने, म्हणजे गनाइटने, घरोघरी तलाव झाले. सळयांचं एकसंध भांडंच ते. भोवतीची फरशी मात्र मातीवर टेकलेली. दोन्ही वेगवेगळी हलतात, म्हणून मध्ये लवचीक सांधा ठेवतात.

डॅलसकडची 'ह्यूस्टन ब्लॅक' आपल्या कपाशीच्या काळ्या मातीची बहीणच. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. सांध्यात सिमेंट किंवा खडे भरले असतील तर फुगलेल्या मातीवरची फरशी कोपिंगला ढकलते. भराव नीट चोपला नसेल तर फरशी खचते.

ओळखायचं कसं? पाण्यासारखी पाणसळ नाही. वारा नसताना पाहा. टाइल्सवर पाण्याची रेघ चहूकडे सारख्या उंचीवर असेल तर भांडं बहुधा जागेवर आहे, हललीय ती फरशी. रेघ एकीकडे बुडाली असेल तर मात्र आधी इंजिनिअर, मग गवंडी. दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

असो. घराचा सौदा करण्याआधी एवढं नक्की पाहा.