ठेसनावरचा मुक्काम : वऱ्हाडातील रेल्वे आणि विसाव्याचा इतिहास

रेल्वेच्या डब्यात, जुन्या स्थानकात किंवा साहेबी काळातल्या रेल्वे बंगल्यात सुट्टीचे दोन दिवस घालवणे ही अलीकडे एक हौस झाली आहे. प्रवास करण्यासाठी नव्हे, तर प्रवासाच्या आठवणीत राहण्यासाठी माणसे पैसे मोजतात. इंग्लंडमध्ये ही कल्पना बरीच जुनी आहे. १९३३ साली तिथल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने जुने डबे आडबाजूच्या रुळांवर उभे करून ते सुट्टीच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९६३च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो लहान स्थानके बंद पडली आणि त्यांतली काही पुढे सुट्टीची घरे झाली. आपल्याकडे १९८२ साली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ आणि २००४ साली महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ आली. मुंबई सेंट्रलला २०२१ साली ‘पॉड हॉटेल’ही सुरू झाले.

या साऱ्या हौसेच्या मुळाशी एक गृहीत आहे. रेल्वेचा भूतकाळ म्हणजे पितळी कड्या, सागवानी बाकडी, पांढऱ्या गणवेशातला खानसामा आणि खिडकीबाहेर सरकणारा निवांत देश, असे ते गृहीत. हा भूतकाळ नेमका कोणाचा, हा प्रश्न वऱ्हाडाच्या संदर्भात विचारून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अमरावती-अकोल्याच्या माणसाने रेल्वेच्या आश्रयाला किती रात्री काढल्या आणि कशा काढल्या, याचा इतिहास त्या सागवानी चित्राहून बराच वेगळा आहे.

वऱ्हाडात रेल्वे माणसांसाठी आली नाही, कापसासाठी आली. १८५३च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल एकाएकी वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. हा मार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला, पण खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या पेठा मात्र बाजूला राहिल्या. मग जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा १८७० साली झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पाठोपाठ १८७१ साली बडनेरा ते अमरावती हा सुमारे १० किलोमीटरचा फाटा झाला. एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय यावा, यावरून रुईच्या गाठीचे वजन कळते.

या रचनेचा प्रवाशाच्या रात्रीशी थेट संबंध आहे. मुख्य मार्ग एकीकडे आणि पेठ दुसरीकडे असली की मधल्या जंक्शनवर थांबणे आले. बडनेरा, जलंब, मूर्तिजापूर ही ठिकाणे अशी थांबण्याची ठिकाणे झाली. गाडी चुकली, जोडगाडी उशिरा आली, पुढच्या खेड्याला जाणारी दमणी सकाळशिवाय मिळणार नाही, अशा कारणांनी वऱ्हाडी माणसाची रात्र ‘ठेसनावर’ जाई. वळकटी उशाला, शिदोरीचे फडके पोटाशी आणि पाठीखाली फरशी, हा त्याचा मुक्काम. हा मुक्काम सुट्टीचा नव्हता, नाइलाजाचा होता. पण रेल्वेच्या छपराखालचा लोकांचा पहिला मुक्काम तोच.

अर्थात त्याच स्थानकावर दुसराही मुक्काम होता. वरच्या वर्गाच्या प्रवाशांना प्रतीक्षालय, आरामखुर्ची आणि न्हाणीघर मिळे. अधिकाऱ्यांसाठी डाक बंगले आणि विश्रामगृहे असत. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याचा साहेबवर्ग बडनेऱ्याहून अमरावती, तिथून परतवाड्याची छावणी आणि मग घाट चढून चिखलदऱ्याला जाई. चिखलदरा कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ साली ‘शोधून काढले’ असे सांगतात. गाविलगडाच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरकूंना ते आधीपासूनच सापडलेले होते, हे सांगायला कोणी नव्हते. ‘रेल्वेकालीन निवांतपणा’ या नावाने आज जे विकले जाते, ते वस्तुतः या दुसऱ्या मुक्कामाचे चित्र आहे.

तिसऱ्या वर्गाचे चित्र महात्मा गांधींनी १९१७ साली आपल्या एका प्रसिद्ध लेखात रंगवले आहे. डब्यातली दाटी, घाण आणि प्रवाशांच्या थांबण्याच्या जागांची दैना यांचे ते टिपण आहे. पण वर्गाच्या तिकिटाने सुटत नव्हता असा आणखी एक प्रश्न होता, आणि तो जातीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालचा आपला एक प्रवास सांगितला आहे. नीटनेटके कपडे घातलेली काही मुले साताऱ्याहून वडिलांकडे जाण्यासाठी निघतात आणि मसूर स्थानकावर उतरतात. घ्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो, पण मुलांच्या तोंडून जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान तयार होत नाहीत. अखेरीस मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर प्रवास होतो. रात्रभर पाणी मिळत नाही. पुढे परदेशातून शिकून आलेल्या त्याच विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात काही दिवस काढल्यावर तिथूनही बाहेर पडावे लागले.

रेल्वेने जात मोडली असे आपण वर्गात शिकवतो आणि ते अंशतः खरेही आहे. एकाच बाकड्यावर सारे बसले, हे लहान परिवर्तन नव्हे. परंतु बाबासाहेबांची ही टिपणे एक बारीक भेद दाखवतात. धावत्या गाडीने जे सैल केले, ते गाडी थांबल्यावर पुन्हा घट्ट होई. तिकीट प्रवासाचे होते, मुक्कामाचे नव्हते. स्थानकाच्या फाटकाबाहेर पाऊल पडले की ‘रात्री कुठे टेकायचे?’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा जातच देई. म्हणून मुक्कामाचा इतिहास हा प्रवासाच्या इतिहासाची पुरवणी ठरत नाही. समतेची खरी परीक्षा प्रवासापेक्षा मुक्कामातच अधिक होते.

या प्रश्नाला वऱ्हाडाच्याच मातीतून एक उत्तर आले, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटायला हवा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ची. अस्पृश्य वारकऱ्याला पंढरीत पाठ टेकायला जागा नाही, हे तिच्या उभारणीचे कारण. पुढे १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन झाली. मसूरच्या स्थानकावर ताटकळलेला मुलगा आणि वऱ्हाडातला खापर घेऊन फिरणारा कीर्तनकार यांच्यातला हा दुवा विलक्षण आहे. मूर्तिजापूरलाही १९२५च्या सुमारास महाराजांनी गोरक्षणाबरोबर धर्मशाळा उभी केली. चारी दिशांना गाड्या सुटणाऱ्या जंक्शनच्या गावी धर्मशाळा असणे याचा अर्थ, फरशीवर रात्र काढणाऱ्या माणसाला ओळखल्याशिवाय लागत नाही. महाराजांचे स्वतःचे देहावसानही प्रवासातच झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला.

मूर्तिजापूरचा उल्लेख आला की शकुंतलेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर असा हा नॅरोगेज मार्ग. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा तो मार्ग. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या कापसाच्या गावांतून रुई मुख्य मार्गावर आणणे हे त्याचे मूळ काम. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले त्याचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४पर्यंत चालले. त्यानंतर डिझेल आले. मोजके कर्मचारी गाडीबरोबरच फिरत आणि तिकीट देण्यापासून इंजिन सोडण्यापर्यंतची कामे तेच करत. गेल्या दशकात ही गाडी दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने थांबली.

शकुंतला थांबली आणि तिच्याविषयीचे लेखन मात्र वेगाने धावू लागले. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती ‘राणी’ झाली, ‘वारसा’ झाली. तिचे डबे रंगवून पर्यटकांना राहायला द्यावेत, अशा स्वरूपाच्या कल्पना गप्पांत आणि लेखांत सहज येतात. दुसरीकडे अचलपूर, दर्यापूर, कारंजा, दारव्हा या गावांतून उठलेली मागणी वेगळीच आहे. गाडी चालू करा, रुंद करा, आमच्या मुलांना कॉलेजात आणि आजाऱ्यांना इस्पितळात पोहोचवा, ही ती मागणी. एकाला गाडी आठवण म्हणून हवी आहे आणि दुसऱ्याला वाहन म्हणून. या दोहोंत विरोध असायलाच हवा असे नाही. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे. इंग्लंडमधल्या त्या स्थानकांचा अनुभव सांगतो की स्थानक सुट्टीचे घर होते, तेव्हा तिथली गाडी बहुधा कायमची गेलेली असते. डब्यात मुक्काम करता यावा यासाठी डबा आधी थांबावा लागतो.

अकोला-खंडवा मार्गाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एके काळी जयपूरपासून हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत जाणाऱ्या मीटरगेज साखळीतला हा दुवा. अकोट सोडले की गाडी मेळघाटात शिरे. धूळघाटाजवळ चढ आटोक्यात ठेवण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून जात. असे वळसे देशात मोजकेच आहेत. २०१७च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी हा मार्ग बंद झाला. अकोला-अकोट टप्प्यावर २०२२ साली ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. पुढचा मार्ग मात्र व्याघ्र प्रकल्पातून न नेता बाहेरून न्यावा, असा आग्रह वनप्रेमींनी धरला आणि २०२१ साली राज्य शासनानेही धरला. वाघासाठी तो योग्यच म्हणावा लागेल. तथापि जंगलातल्या लहान थांब्यांवर या गाडीच्या भरवशावर जगलेल्या कोरकू वस्त्यांना या चर्चेत किती जागा मिळाली, हेही विचारले पाहिजे. उद्या धूळघाटचे स्थानक पर्यटकांचे निवासस्थान झाले, तर त्याच्या भिंतीवर वळशाचा नकाशा नक्की लागेल. त्या फलाटावर टोपली घेऊन बसलेल्या बाईची नोंद लागेल काय?

मग वऱ्हाडी माणसाने रेल्वेच्या निमित्ताने आनंदाचा मुक्काम केलाच नाही काय? केला, पण त्याची जागा शेगाव होती. गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली, तेव्हा मुख्य मार्गावरच्या या स्थानकाला चार दशके होऊन गेली होती. रेल्वेने आणलेला भक्त आणि संस्थानाने बांधलेले भक्तनिवास, या जोडीतून वऱ्हाडच्या मध्यमवर्गाची आणि शेतकऱ्यांची ‘सुट्टी’ घडली. स्वच्छ खोली, माफक दर, प्रसादाचे जेवण आणि पहाटेची गाडी. तिला कोणी पर्यटन म्हणत नाही. पण घराबाहेरची पहिली निश्चिंत रात्र इथल्या असंख्य कुटुंबांना या भक्तनिवासांनीच दिली. गाडगे महाराजांच्या धर्मशाळेची परंपरा आणि शेगावची शिस्त यांत फरक आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच विचार दिसतो. आलेल्या माणसाला टेकायला जागा मिळालीच पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात एक काम पडून आहे. मराठीतल्या रेल्वेविषयीच्या लेखनात आपण खिडकीतून दिसणारा देश पुष्कळ वाचला. निसर्ग, वेग, विरह हे त्याचे विषय. फलाटावरच्या रात्रीचे वाचन मात्र आपण फारसे केले नाही. आत्मचरित्रे, दलित स्वकथने, कीर्तनकारांच्या आठवणी, १९१२ साली अकोल्याला भरलेल्या साहित्यसंमेलनासारख्या प्रसंगांची प्रवासवर्णने यांत ‘रात्री कुठे उतरलो’ हे वाक्य कोणत्या शब्दांत येते, एवढे जरी विद्यार्थ्यांनी टिपले तरी समाजाचा एक नकाशा हाती येईल. ‘उतरणे’ या आपल्या क्रियापदात गाडीतून खाली येणे आणि कोणाकडे मुक्काम करणे, हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पहिला अर्थ रेल्वेने सर्वांना दिला. दुसरा मिळवण्यासाठी काहींना पिढ्या खर्च कराव्या लागल्या.

रेल्वेच्या डब्यात सुट्टी घालवण्यात काही गैर नाही. जुन्या वस्तूंविषयीचे प्रेम हीदेखील इतिहासाकडे जाणारी एक वाट असू शकते. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात मुले इंजिनाभोवती धावतात, तेव्हा त्यांना काहीतरी मिळत असतेच. अपेक्षा एवढीच, की वऱ्हाडात उद्या असे एखादे निवासस्थान उभे राहिलेच, तर त्याच्या एका भिंतीवर आरामखुर्चीबरोबर वळकटीलाही जागा असावी. रुईच्या गाठींना छप्पर आधी मिळाले आणि माणसांना नंतर, हेही त्या भिंतीवर कुठेतरी लिहिलेले असावे.