अर्चर ब्लड : मतभेद नोंदवणारा मुत्सद्दी

'ब्लड टेलिग्राम' हे नाव ऐकले की रक्तपात आठवतो. प्रत्यक्षात ते पाठवणाऱ्याचे आडनाव आहे. अर्चर केंट ब्लड यांचा जन्म १९२३ साली शिकागोचा, बालपण व्हर्जिनियातले. महायुद्धात नौदलात सेवा, १९४७ मध्ये परराष्ट्र सेवेत प्रवेश आणि पुढे निरनिराळ्या देशांतील नेमणुका. तोवर त्यांच्या कारकिर्दीत वेगळे असे काही नव्हते. १९७० मध्ये ते ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत झाले. शहर परिचयाचे होते, कारण दशकभरापूर्वीही त्यांनी तेथे काम केले होते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठाची वसतिगृहे आणि हिंदू वस्त्या तिचे पहिले बळी ठरल्या. तीनच दिवसांनी ब्लड यांनी वॉशिंग्टनला जी तार धाडली, तिच्या विषयातच 'निवडक वंशसंहार' असे शब्द होते. मात्र अध्यक्ष निक्सन आणि हेन्री किसिंजर यांनी मौन सोडले नाही. चीनशी चाललेल्या गुप्त संपर्कात याह्याखान हे मध्यस्थ होते आणि त्यांना दुखावणे निक्सन यांना परवडणारे नव्हते. ढाक्यातील वाणिज्य दूतावासाला याचा पत्ताच नव्हता.

अखेर ६ एप्रिल रोजी वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध असहमतीची तार पाठवली. सरकारने नैतिक दिवाळखोरी दाखवली, असा थेट ठपका तीत होता. मसुदा सहकाऱ्यांचा होता, त्यामुळे ब्लड यांना तो केवळ पुढे पाठवून नामानिराळे राहता आले असते. त्यांनी पाठिंबा तर दिलाच, शिवाय स्वतःची पुस्तीही जोडली : या संघर्षात बहुधा बंगालीच जिंकतील आणि स्वतंत्र बांगलादेश जन्माला येईल, तेव्हा हरणाऱ्याची एकतर्फी पाठराखण करणे शहाणपणाचे नाही. डिसेंबरमध्ये नेमके तेच घडले.

ब्लड मात्र त्याआधीच ढाक्यातून हलवले गेले होते. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या वाट्याला परराष्ट्र खात्यातील कर्मचारी विभाग आला. विशेष म्हणजे, त्याच वर्षी परराष्ट्र सेवेच्या संघटनेने विधायक मतभेदासाठीचा 'हर्टर पुरस्कार' त्यांना दिला. पुढे दिल्लीतील दूतावासात ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. राजदूतपद मात्र कधीच मिळाले नाही. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही ढाक्यातून.

३ सप्टेंबर २००४ रोजी कोलोरॅडोत वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ढाक्यातील अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले.