‘बाई’ : एका संबोधनाचा रंगप्रवास

मराठीत ‘बाई’ या शब्दाला मानाच्या दोन जागा आहेत. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर या नावांत तो कलावतीचा आदर दर्शवतो. शाळेच्या वर्गात तोच शिक्षिकेचे संबोधन होतो. विजया मेहता यांना मराठी रंगभूमी नुसते ‘बाई’ म्हणू लागली, तेव्हा हे दोन्ही अर्थ एका व्यक्तीत एकवटले.

विजयाबाई पूर्वाश्रमीच्या जयवंत. त्यांचा जन्म १९३४ साली बडोद्यात झाला. नाट्यकलेचे धडे त्यांनी इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडे घेतले. पहिले इंग्रजी नाटकांत मुरलेले, दुसरे पारशी-गुजराती रंगभूमीचे. परभाषांतून मिळालेली ही विद्या बाईंनी मराठीच्या पदरात घातली.

१९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींसह त्यांनी ‘रंगायन’ उभी केली. आयनेस्कोचे नाटक ‘खुर्च्या’ होऊन मराठीत आले, चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ रंगमंचावर आले. पल्लेदार भाषणांवर आणि नाट्यपदांवर पोसलेल्या रंगभूमीला अर्धवट वाक्याचे आणि मौनाचे मोल कळू लागले.

अभिनय सोडून बाई शिक्षिका झाल्या, असे मात्र नव्हे. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’चे दिग्दर्शन करताना त्यातील मावशीही त्यांनीच साकारली, त्याच कथेवरील ‘रावसाहेब’ चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तालीम हीच त्यांची पाठशाळा होती. विक्रम गोखले, नाना पाटेकर, नीना कुलकर्णी, भारती आचरेकर यांसारखे नट तेथे घडत गेले. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

आपण सीमाभागीय आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी भाषक या चरित्राकडे विशेष लक्षपूर्वक पाहावे, असे आम्हांस वाटते. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, विजयाबाई बडोद्याच्या. मराठी रंगभूमीचा नकाशा राज्याच्या सीमारेषेशी कधीच जुळलेला नाही. राज्यघटनेचा २९ वा अनुच्छेद आपणांस भाषा जतन करण्याचा हक्क देतो. पण वाक्य कोठे थांबवावे, शब्दामागचा अर्थ आवाजात कसा आणावा, हे कोणताही अनुच्छेद शिकवत नाही. ते तालमीत, जाणत्या गुरूसमोरच शिकावे लागते. म्हणून गावोगावच्या आपल्या मंडळांनी वार्षिक प्रयोगाइतकीच चिंता नित्य तालमीची वाहावी. हक्कासाठी आम्ही न्यायालयात उभे राहू. भाषा मात्र रंगमंचावर उभी राहिली पाहिजे.