ठशावरचा ठसा

1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला जमिनीतून चांदीची नाणी निघाली. थोडीथोडकी नव्हेत, 13 हजारांवर. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली. मुळात सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावर कमानींचा डोंगर, भोवती पैठणच्या सातवाहन राजाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, नाव आणि मागच्या बाजूला, बाण नि वज्रावर, चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. कितीतरी नाण्यांत खालचं नाक-कपाळ अजून ओळखू येतं.

ही रीत नाशिकला जन्मली नाही. वायव्येकडचे ग्रीक राजे त्याआधीपासून एकमेकांच्या नाण्यांवर असे ठसे मारत होते. पण हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्याच्या नावानं इतक्या मोठ्या संख्येनं एका जागी सापडावा, असं क्वचितच घडलं असेल.

चांदी वितळवून नवी नाणी का पाडली नाहीत? उत्तर नाशिकच्या पांडवलेणीत आहे, असं मला वाटतं. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3000 कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली होती. त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय व्हायची. गंगापूर रस्त्यावरचं आजचं गोवर्धन त्याच नावाचं. म्हणजे हा पैसा विणकरांच्या हिशेबात मुरलेला होता. तो मोडला तर बाजार मोडेल. त्यावर आपलं नाव घातलं तर बाजार तोच राहतो, मालक बदलतो.

आणि लढाई बाजारासाठीच होती. पैठणचे दगड नि तगरचं, म्हणजे तेरचं, कापड गाड्यांतून भडोचला जाई, असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत नोंदलं आहे. कल्याण बंदरात शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही तिथेच आहे. घाटमाथा आणि बंदरं शेजाऱ्याच्या, म्हणजे नहपानाच्या, मुठीत गेली की पैठणच्या राजाचा माल त्याच्या मर्जीवर विकायचा. शिवाय नाशिकहून गोदावरी थेट पैठणला उतरते. इथं बसलेला शत्रू म्हणजे उशाशी बसलेला शत्रू. बलाढ्य राज्य शेजारी का गिळतं, याचं कारण शौर्यात शोधलं जातं. मला त्यात भीती जास्त दिसते.

गौतमीपुत्राच्या मागे त्याची आई गौतमी बलश्री हिनं तिसऱ्या लेण्यात, नातू पुळुमावीच्या 19व्या वर्षी, मुलाच्या पराक्रमाचा लेख कोरवला. नहपानाचा क्षहरात वंश निपटला, असं त्यात अभिमानानं सांगितलंय, आणि पुढे देशांची नावं: असिक, असक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. आता इ.स. 150चा जुनागढचा लेख घ्या. महाक्षत्रप रुद्रदामन आपल्या देशांची यादी देतो, तर आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त ही नावं पुन्हा तिथे. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे उखडलं नाही, असंही तो सांगतो. कान्हेरीच्या लेखात सातवाहनांची एक राणी महाक्षत्रपाची मुलगी आहे.

ठशाची ही रीत नाशिकला पुन्हा भेटली, तीही कागदावर. नाशिकरोडच्या छापखान्यात रिझर्व्ह बँकेच्या नोटा निघत. 1945मध्ये जपान्यांना हटवून इंग्रज ब्रह्मदेशात परतले, तेव्हा याच नोटांवर तिथल्या लष्करी प्रशासनाचं नाव आणि फक्त ब्रह्मदेशात चलन, असा ठसा मारून त्या तिकडे चालवल्या. जपान्यांनी छापलेले रुपये मात्र रद्दी झाले.

ठशानं काय होत नाही, हे मात्र पांडवलेणीतच लिहिलंय. राज्याच्या 18व्या वर्षी विजयी गौतमीपुत्रानं गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवली: पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या. सहा वर्षांनी, 24व्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. ती राजाबरोबर त्याच्या आईच्याही नावानं आहे, आणि आता अमात्य श्यामक आहे. काखडीत दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं त्यांना द्या.

काखडी का उठलं, याबद्दल आज्ञेत एकही शब्द नाही. मी ती ओळ वाचतो तेव्हा बलश्रीच्या लेखातली नऊ देशांची नावं मागे पडतात आणि नांगर न लागलेलं तेवढं शेत डोळ्यांपुढे राहतं.