हेल्गोलँडचे झुडूप

इतिहासाची साधने म्हटली की आम्हां साहित्याच्या माणसांना बखरी, पत्रव्यवहार, फार तर रोजनिशा आठवतात. एका चित्रकाराने अर्धशतकाहून अधिक काळ एकाच बेटावर राहून ठेवलेल्या पक्ष्यांच्या नोंदी हेही असे साधन ठरू शकते, याची कल्पना हाइन्रिश गॅट्के यांचा ग्रंथ हाती येईपर्यंत आम्हांला नव्हती. मूळ जर्मन ग्रंथ १८९१ सालचा. चार वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पक्षिशास्त्राचे आम्ही अभ्यासक नव्हे. आम्हांला त्यात दिसला तो पाहणे आणि अनुमान करणे यांमधला झगडा, आणि तो समीक्षेच्या विद्यार्थ्याला परका नसावा.

हेल्गोलँड हे उत्तर समुद्रातले तांबड्या खडकाचे चिमुकले बेट. जर्मनीच्या कुक्सहाफेन बंदरापासून ते सुमारे ६० किलोमीटर आत आहे. १८०७ साली ते ब्रिटिशांनी घेतले आणि १८९० च्या करारान्वये जर्मनीला दिले. (ज्या गीतातून पुढे जर्मनीचे राष्ट्रगीत आले, ते हॉफमान यांनी १८४१ साली याच बेटावर, म्हणजे ब्रिटिश ध्वजाखाली, लिहिले, ही इतिहासाची एक गंमत.) गॅट्के १८३७ साली समुद्र रंगवायला तेथे आले, तेथेच संसार थाटला, ब्रिटिश गव्हर्नरांचे सचिव झाले आणि १८९७ साली तेथेच वारले. कुंचला सुटला नाही. पण नजर मात्र आभाळाकडे वळली ती कायमची.

शरद ऋतूत स्कँडिनेव्हियातून दक्षिणेकडे निघालेल्या थव्यांच्या वाटेवर हे बेट पडते. आभाळ भरून आलेले, चंद्र नाही, अशा रात्री दीपगृहाच्या झोताभोवती चंडोल आणि कस्तूर हजारोंनी घिरट्या घालत. बेटावरचे लोक कंदील आणि जाळी घेऊन बाहेर पडत, कारण हे पक्षी त्यांचे अन्न होते. बोडक्या पठारावर झाड असे नव्हतेच. म्हणून ते फांद्या रोवून खोटे झुडूप उभे करीत आणि त्याच्या एका बाजूस जाळे लावीत. रात्रभर उडून थकलेला कस्तूर आडोसा पाहून त्यात शिरे आणि हाकलला की जाळ्यात जाई. गॅट्के यांचा संग्रह याच बंदुकीवर आणि याच स्वयंपाकघरावर उभा आहे. अनोळखी पक्षी सापडला की बेटकरी तो त्यांच्याकडे आणून देत. सायबेरियात घरटी करणारी आणि हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारी रिचर्डची तिरचिमणी शरदात युरोपच्या पश्चिम टोकाला वरचेवर येते, ही गोष्ट या बेटाने ठळकपणे नोंदवली. हे ज्ञान निष्पाप नव्हते, हे मान्य करूनच तो ग्रंथ वाचावा लागतो.

आता त्यांच्या चुकीकडे. वसंतात निळ्या गळ्याचा इवला शंकर पक्षी पहाटे हेल्गोलँडवर दिसे. तो हिवाळा काढतो ईशान्य आफ्रिकेत. मधल्या मुलखात तो दिसल्याच्या नोंदी फारशा नव्हत्या. गॅट्के यांनी निष्कर्ष काढला की तो हे सारे अंतर एका रात्रीत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने तोडतो! पुढे हा तर्क साफ खोटा ठरला. पक्षी मध्ये उतरत होते. त्यांना पाहणारा गॅट्के तेथे कोणी नव्हता, इतकेच. एकाच जागेशी आयुष्यभर निष्ठा ठेवणाऱ्याला जगाची उरलेली पाने कोरी वाटू लागतात, असे आम्हांला वाटते. एकाच ग्रंथकारावर हयात घालवलेल्या आमच्या काही मित्रांची येथे आठवण होते, पण ते असो.

त्यांची दुसरी नोंद मात्र पुष्कळ खोल गेली. परतीच्या प्रवासात पिल्ले आईबापांच्या आधी, वाटाड्याविना निघतात, असे ते सांगत. सर्व जातींना हा नियम लागू पडत नाही. कित्येक चिखलपायांमध्ये प्रौढच आधी निघतात. पण स्टार्लिंगची कोवळी पिल्ले त्यांनी नीट पाहिली होती. वाट कोणी न दाखवता पक्ष्याला ती कळते कशी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. डच संशोधक पर्डेक यांनी हॉलंडमध्ये पकडलेले हजारो स्टार्लिंग स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. प्रौढांनी दिशा सुधारून नेहमीचे हिवाळी ठिकाण गाठण्याचा प्रयत्न केला. पिल्ले मात्र जन्मजात दिशेनेच, म्हणजे चुकीच्या मुलखाकडे, उडत राहिली. हे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले.

१९१० साली हूगो वायगोल्ड यांच्या देखरेखीखाली बेटावर पक्षिनिरीक्षण केंद्र उभे राहिले. डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली स्टार्लिंगच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकित कडी घालण्यास आरंभ केला होता. ती रीत आता येथे आली. पण कडी घालायची तर पक्षी जिवंत हवा. वायगोल्ड यांनी बेटकऱ्यांचे तेच झुडूप घेतले. त्यावर तारेच्या जाळीचे मोठे नरसाळे उभारले, रुंद तोंडाचे, मागे निमुळते होत जाणारे, शेवटी एक पेटी. झुडपात उतरलेले पक्षी हलके हाकलायचे. ते पुढे पुढे जात पेटीत शिरतात. जगभर हा सापळा हेल्गोलँडच्याच नावाने ओळखला जातो. युक्ती शिकाऱ्याची, बदलले ते फक्त शेवटचे टोक.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १८ एप्रिल १९४७ रोजी, ब्रिटिशांनी उरलेला दारूगोळा आणि तटबंदी उडवण्यासाठी या बेटावर प्रचंड स्फोट घडवला. संस्थेचे मुख्य ठाणे विल्हेल्म्सहाफेनला गेले. १९५२ साली बेट जर्मनीला परत मिळाले आणि भग्न पठारावर पुन्हा झुडपे लावून काम सुरू झाले.

त्याआधीच एका मुंबईकराने ते झुडूप पाहिले होते. सलीम अली बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकत असताना हेल्गोलँडला गेले आणि कडी घालण्याचे काम त्यांनी तेथे अनुभवले. १९३० साली ते परतले तेव्हा संग्रहालयातली त्यांची नोकरी गेलेली होती. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून ते पत्नीसह किहीमच्या किनाऱ्यावरील घरी आले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सुगरण म्हटले की आम्हांला बहिणाबाई आठवायच्या. तेथे मात्र सलीम अली तासन्‌तास आडोशात बसून एकेका घरट्याचा हिशेब मांडत होते: कोणत्या नराचे खोपे, कोणत्या मादीने पाहिले, कोणत्या पत्करले, आणि ती आत बसताच नराने शेजारी दुसऱ्याला केव्हा हात घातला.