चतुःसीमा आणि आभासी गृहदर्शन

जुन्या मराठी खरेदीखतांत घराची ओळख बाहेरून पटविली जाई: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे २१ वे कलमही शहरातील घराचे वर्णन रस्त्याची बाजू व आजी-माजी भोगवटादार यांवरून करण्यास सांगते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘९९एकर्स’सारख्या संकेतस्थळांवर ही दृष्टी पालटली. तेथे खोल्यांची संख्या आधी येते; पुढे आलेल्या आभासी गृहदर्शनात तर परगावचा ग्राहक पडद्यावरूनच थेट स्वयंपाकघरात शिरतो. शेजार मात्र त्याला दिसत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या बांधून दिली (शब्दही घरात बसलेल्याचाच). तीतूनही बाहेरच्या भिंती वगळलेल्या आहेत. दस्त नोंदणीस गेला, की परिशिष्टात चतुःसीमा पुन्हा उभी राहते. पण तोवर घर पसंत होऊन बहुधा विसारही दिला गेलेला असतो.